बच्या पोटातली रेघ

मॉनिटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत जे काही छापलेलं असतं, ते सगळं पळत्या चित्राबद्दल असतं. १८० हर्ट्झ (सेकंदाला इतकी चित्रं), १ मिलिसेकंद (ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ), एचडीआर (उजेड आणि काळोख यांतली मोठी तफावत दाखवण्याची सोय). ज्या पडद्यावर दिवसा आठ तास एक्सेलच्या चौकटी आणि रात्री दोन तास खेळातला गोळीबार चालणार, त्याच्या खोक्यावर त्या आठ तासांबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून पारख उलट्या टोकाने करावी. आधी अक्षर, मग बंदूक.

त्यातही अक्षर देवनागरी घ्यावं, कारण आपली लिपी पडद्याची खोड चटकन पकडते. ब आणि व यांच्यात फरक तो काय, पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ष आणि प यांचंही तेच. आता २७ इंची, १०८० पी (म्हणजे उभे १०८० ठिपके) पडद्यावर एक पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, साधारण ०.३१ मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला उभे ठिपके आले जेमतेम दहा. एक-दोन शिरोरेषेने खाल्ले, थोडे खाली दांड्यात गेले. बच्या पोटाला उरले चार-पाच. एवढ्याशा जागेत तिरकी रेघ बसवायची म्हटल्यावर तिचा राखाडी डाग होतो. मग ‘बाद’ झाला की ‘वाद’ झाला, हे संदर्भावरून ओळखायचं. मेंदू ते बिनबोभाट करतो, पण संध्याकाळी डोळे त्याचं बिल पाठवतात.

त्याच २७ इंचांत १४४० पी घेतलं तर पिक्सेल ०.२३ मिलिमीटरवर येतो, तेवढ्याच अक्षराला तेरा ठिपके मिळतात आणि रेघ पुन्हा रेघ होते. १०८० पी घ्यायचंच असेल तर २४ इंचांवर थांबावं. ३२ इंची १४४० पी म्हणजे २४ इंची १०८० पीचाच दाणा, फक्त ताट मोठं. फोर-केवर (उभे २१६० ठिपके) २७ इंचांत तीन मिलिमीटरला एकोणीस ठिपके; तिथे स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवण्याची विंडोजमधली सोय) १५० टक्के ठेवलं की अक्षरं छापील पानासारखी दिसतात. कामापुरता प्रश्न तिथेच मिटतो. खेळाचा तिथेच सुरू होतो.

कारण १४४० पीच्या एका चित्रात ३६.९ लाख पिक्सेल असतात आणि फोर-केच्या ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डाने दर वेळी सव्वादोनपट रंगकाम करायचं. कार्ड मध्यम आणि पडदा फोर-के, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. डीएलएसएस किंवा एफएसआरने (कमी पिक्सेलांचं चित्र रंगवून ते मोठं करणाऱ्या सोयींनी) भार हलका होतो हे खरं, पण प्रत्येक खेळात ती सोय नसते. दोन्ही कामांसाठी एकच पडदा हवा असेल, तर २७ इंची १४४० पी हीच मधली वाट सगळ्यांत कमी रडवते.

हर्ट्झचा हिशेब सोपा आहे, मात्र आकड्यांच्या भुलीत तो कोणी करत नाही. ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलिसेकंदांनी. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद पदरात पडतात, दुसरीत तीनसुद्धा नाहीत. पहिली उडी कामातही जाणवते. लांबलचक पान सरकवताना ओळी वाचता येत राहतात, माउसचा बाण तुटक पळत नाही. दुसऱ्या उडीसाठी स्पर्धेत उतरणारे हात हवेत, आणि तेवढी चित्रं पुरवणारं कार्डही.

‘१ मिलिसेकंद’ हा मात्र निव्वळ खोक्यावरचा आकडा. तो बहुधा ओव्हरड्राइव्ह (रंग झटकन बदलावा म्हणून पिक्सेलला दिलेला जोर) शेवटच्या टोकाला नेऊन मोजलेला असतो. घरी तसं करून पाहिलं की पळणाऱ्या आकृतीच्या मागे उजळ सावली ओढली जाते, कारण पिक्सेलला इतक्या जोरात ढकललेलं असतं की तो मुक्कामाच्या पुढे जाऊन परत येतो. मेनूत ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवावा.

पॅनेलमध्ये, म्हणजे पडद्याच्या जातींत, आयपीएस हा गुणी मुलगा. कोनातून रंग फारसे बदलत नाहीत, अक्षर स्वच्छ. फक्त काळा रंग काळा नसून राखाडी, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) १०००:१ च्या आसपास. व्हीए या दुसऱ्या जातीचा काळा रंग तिपटीने गडद, पण काळ्यातून करड्यात जायला त्याचे पिक्सेल आळस करतात. अंधाऱ्या बोगद्यात वळलं की भिंती शाई सांडल्यासारख्या फरफटतात. ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, त्या ओलेडचा वेग आणि काळोख दोन्ही बिनतोड. पण त्याच्या क्यूडी प्रकारात पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे ठिपके बहुधा ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. त्यामुळे आडव्या कडांना वरखाली हिरवट-गुलाबी किनार येते. आणि आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी कडा! रोमन वाचणाऱ्याला जे अधूनमधून खुपतं ते इथे ओळभर दिसतं. पिक्सेल बारीक झाले की किनार विरते, म्हणून फोर-के ओलेडवर ती फारशी जाणवत नाही. शिवाय रोज आठ तास एकाच जागी बसलेला टास्कबार ओलेडवर हळूहळू कायमचा उमटू शकतो. दिवसभर कामाचा पडदा असेल तर ओलेड नको, असंच आमचं मत.

एचडीआर ४०० ही पाटी म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात. तिच्यासाठी मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची सोय सक्तीची नाही, त्यामुळे तारा उजळला की आकाशही उजळतं. तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा खालीवर होणारा स्टँड बघावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. स्टँड खालीवर होत नसेल तर मागे १०० मिलिमीटर चौरसाची चार भोकं तरी असावीत, म्हणजे पुढे पडदा हलवता येणारा आर्म लावता येतो. लॅपटॉपवाल्यांनी मॉनिटरचं यूएसबी-सी लॅपटॉपला किती वॉट देतं तेही वाचावं; ६५ च्या खाली असेल तर चार्जर वेगळा लावायची वेळ येऊ शकते.

मॉनिटर घरी आला की पहिल्याच रात्री दिवे मालवून पूर्ण काळं चित्र लावावं. कोपऱ्यातून उजेड गळतो का, ते परत करण्याची मुदत संपण्याआधी कळलेलं बरं. मग दिवे लावून कोरा कागद पडद्याशेजारी धरावा. पडदा कागदाऐवजी दिव्यासारखा भासला तर ब्राइटनेस उतरवावा. कारखान्यातून तो बहुतेकदा भडकच येतो. काळ्यावर लाल अक्षरं फुटल्यासारखी दिसली तर दोष डोळ्यांचा नाही. बहुधा केबलला किंवा पोर्टला ओझं पेलत नसल्याने रंगाची काही माहिती कापली जात असते. डिस्प्लेपोर्टची केबल लावावी, आणि ती मदरबोर्डच्या नाही, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात. इथे चुकणारे कमी नाहीत.

एवढं करूनही विंडोज पुष्कळदा ६० हर्ट्झवरच बसून राहतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. १४४ हर्ट्झची पावती कपाटात आणि पडदा दोन वर्षं साठावर, असे संसारही सुखाने चाललेले असतात.