द्वितीय क्रमांक, विभागून

पनीरवर ठेवायला वजन हवं होतं. भर दुपारी दूध नासलं, ते मी फडक्यात बांधलं, पुरचुंडी चाळणीत ठेवली, आणि खलबत्ता नेमका मिरच्या कुटून तिखटानं माखलेला. हात आपोआप टीव्हीखालच्या कप्प्यात गेला आणि संगमरवरी चौथरा बाहेर आला. ‘कॅरम दुहेरी, उपविजेता’. वरचा सोनेरी माणूस कधीच निखळलाय. तसाही तो बॅट घेऊन उभा होता. कॅरमच्या करंडकावर बॅटवाला कसा, असं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं; तर दुकानात तेवढेच शिल्लक होते म्हणे.

हे पाणी प्यायला आत आले. “अगं, ते माझं बक्षीस आहे!”

“हो ना. चांगलं जड आहे.”

यावर ते काही बोलले नाहीत. पनीर छान घट्ट झालं, सुरीनं नीट चौकोन पडले.

माझा एक हेका आहे. घरात आलेल्या बक्षिसानं काम केलं पाहिजे. त्यानं वर्षभर शोकेसमध्ये बसून धूळ खायची आणि दिवाळीच्या आधी आपण स्टुलावर चढून त्याला पुसायचं, हा व्यवहार मला मंजूर नाही. दोन कानांचा कप असतो ना, त्याच्या बुडाला स्क्रूसाठी भोक असतंच. चौथरा काढून टाकला की अशी तयार कुंडी मिळत नाही; पाण्याचा निचरा आपोआप होतो. आमच्या गॅलरीत सध्या वक्तृत्वात ओवा लागलाय आणि बुद्धिबळात पुदिना. गरम कुकर ठेवायला ढाल उत्तम, मात्र लाकडी हवी. मखमलीची ठेवली तर मखमल जळते आणि स्वयंपाकघरात लग्नाच्या मांडवाला आग लागल्यासारखा वास येतो.

पदकांचं काय करायचं हा प्रश्न अलीकडचा. १९८३ साली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा पळणं हे दुसऱ्यांचं काम होतं आणि आपलं काम रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणं. आता दर रविवारी पहाटे शहरात कुठे ना कुठे माणसं धावत असतात आणि पोचलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडतं. पहिला आलेला घरी जाऊन आंघोळ करून झोपला तरी पदकं वाटणं चालूच. मुलाची सगळी पदकं मी गॅलरीच्या दांडीला टांगली, कबुतरांसाठी. उन्हात चकाकली, वाऱ्यानं एकमेकांवर आपटली, कबुतरं बिचकली. नंतर सरावली. आता त्यातलं एक फितीवर बसूनच घुमतं. फिती मात्र कामाच्या निघाल्या, माळ्यावरच्या गाद्या बांधायला त्याच वापरते. आणि हे सोनेरी काय, चांदीचं काय, याचं फार मनावर घेऊ नये. ऑलिंपिकचं सुवर्णपदकसुद्धा आतून चांदीचंच असतं, वरून सहा ग्रॅम सोनं चढवलं तरी नियमाला पुरतं.

भांड्यांची गोष्ट वेगळी. भांडं मुळातच कामाचं, पण बक्षिसाच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला डझनावारी डबे घ्यायचे आणि तिथेच मशिननं टर्रर्र करून मंडळाचं नाव, साल, क्रमांक उमटवून घ्यायचा, की तो डबा जन्माचा अडकला. नारळ, ब्लाउजपीस, पेनसेट, तो हसरा बुद्ध, हे सगळे या घरातून त्या घरात सुखानं फिरत राहतात. माझ्या अंदाजानं कोथरूडमध्ये एकच ब्लाउजपीस आहे, तोच सगळ्यांकडे येऊन जातो. डबा मात्र फिरू शकत नाही. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात आहेरात एक सुरेख, बसक्या आकाराचा डबा आला होता. सगळ्यांनी कौतुकानं हातात घेतला, कुणीतरी उलटा केला, तर बुडाशी ‘उत्तेजनार्थ’. बहिणीनं तो आनंदानं ठेवून घेतला. संसार कसा चाललाय, असं विचारलं की ती अजून तो डबाच पुढे करते.

आमच्या लहानपणी वाड्यात एवढी बक्षिसं येत नसत. नारायण पेठेतला वाडा, मध्ये चौक, नवरात्रात रांगोळीची स्पर्धा. परीक्षक म्हणून शाळेतले चित्रकलेचे सर यायचे आणि पाठीमागे हात बांधून, एकाही रांगोळीला न हसता, चौकाला फेरी मारायचे. एका वर्षी त्यांनी माझी आई आणि समोरच्या काकू, दोघींना दुसरा क्रमांक दिला. विभागून. आईची ठिपक्यांची होती, काकूंचा मोर. ठिपके आणि मोर यांची बरोबरी कशी होते, हे सरांनाच ठाऊक. पण बक्षीस एकच आणलेलं होतं: लेमन सेट. सहा ग्लास आणि एक जग, सगळ्यांवर नारिंगी फुलं. खोक्याचं एक टोक आईच्या हातात, दुसरं काकूंच्या, असा फोटो निघाला. दोघींच्याही चेहऱ्यावर पुढच्या वाटाघाटी स्पष्ट दिसतात.

ग्लास तीन-तीन वाटले गेले. जगाचं असं ठरलं की दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमच्याकडे आणि पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत काकूंकडे. मार्च संपता संपता आईच्या लक्षात आलं की उन्हाळा काकूंच्या वाट्याला गेला. पन्हं, कोकम, लिंबू, सगळं त्यांच्या पाळीत आणि आमच्याकडे जग आला तो थंडी सोबत घेऊन. थंडीत सरबत कोण पितं? आजी म्हणाली, दूध ठेवा. आई म्हणाली, लेमन सेटमध्ये दूध ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी पाळी उलटी झाली, तेव्हा कुठे चौकातलं वातावरण निवळलं.

खरी मजा पाहुण्यांची. तीनपेक्षा जास्त माणसं आली की मला ताट घेऊन चौकापलीकडे पिटाळायचे, ग्लास आणायला. मी दारात उभी राहिले की काकूंना कळायचंच. “कोण आलंय गं?” मी सांगायची, मुंबईची आत्या. मग काकू ग्लास पुसून ताटात ठेवायच्या, पदर सारखा करायच्या आणि ग्लासांच्या मागोमाग स्वतःही यायच्या. त्यांच्याकडे पाहुणे आले की आईचंही तेच. आत्याला वाटे, आमच्या वाड्यात सरबत द्यायला दोन बायका लागतात. पुढे काकूंकडे एक ग्लास फुटला. आईनं आपल्या तिनातला एक देऊ केला नाही, याची नोंद काकूंनी कायमची ठेवली. वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली त्या गडबडीत जग कुणाच्या पाळीत होता, यावर दोन्ही घरांत आजही एकमत नाही. सापडला मात्र कुणाकडेच नाही.

विभागून आलेल्या बक्षिसाचं सर्वात नेटकं काम मला वाटतं दोन जपानी मुलांनी केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीत शुहेई निशिदा आणि सुएओ ओए या दोघांनी सारखीच उंची गाठली. दुसरा कोण आणि तिसरा कोण हे ठरवायला एकमेकांविरुद्ध पुन्हा उडी मारायला ते तयार नव्हते. तरी निशिदाला रौप्य मिळालं आणि ओएला कांस्य. घरी परतल्यावर दोघांनी ती पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रौप्य, अर्धं कांस्य अशी दोन पदकं जोडून आणली. सोनारानं किती घडणावळ घेतली असेल, हा माझा पहिला विचार. ओए पुढे १९४१ मध्ये युद्धात मारला गेला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल.

बक्षीस द्यायलाच हवं असंही काही नाही म्हणा, आणि हे पुण्याइतकं कोण जाणणार! १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही. करंडक कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली! मुलांनी रात्र रात्र जागून तालमी केलेल्या, त्यामुळे मला वाईटही वाटलं. पण घरात एक करंडक कमी, हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

मला विचाराल तर सगळ्यात सोयीचं बक्षीस म्हणजे शाळेतली फिरती ढाल. वर्षभर मिरवा, परत करायच्या आधी चिंचेनं घासून लख्ख करा, पुढच्याच्या गळ्यात मारा. माळ्यावर चढवायची भानगडच नाही.

यंदा गणपतीतल्या स्पर्धांची बक्षिसं आणायचं काम सोसायटीनं माझ्याकडे दिलंय. पनीरची गोष्ट ह्यांनी खाली कट्ट्यावर सांगितली असणार. मी बैठकीत सरळ मांडलं: पहिल्याला दोन किलो तूरडाळ, दुसऱ्याला किलोभर गूळ, उत्तेजनार्थ अर्धा किलो शेंगदाणे. विभागून आलं तर तराजू आहेच. सगळ्यांनी एकदम गप्प होऊन छताकडे बघितलं.

“पाहुण्यांच्या हस्ते तूरडाळ?” सेक्रेटरी म्हणाले. “फोटोत कसं दिसेल?”

“जिलेटीन कागदात बांधू.”

“आणि गुळाला मुंग्या?”

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी कॅसरोलचे भाव काढून ठेवायचे असं ठरलं. मी विरोध नोंदवला. इतिवृत्त आलं, त्यात तो ‘सौ. वहिनींची सूचना’ या मथळ्याखाली आहे.