कवटीवाला पतंग

काळ्या-करड्या गॉथिक, म्हणजे मरण आणि अंधाराच्या छायेतल्या, टॅटूंच्या नमुन्यांत कवट्या आणि गुलाबांच्या जोडीला कीटकांचाही मोठा मान आहे, आणि त्यांत अग्रपूजा मिळते ती पाठीवर कवटीची खूण वागवणाऱ्या पतंगाला. रत्नागिरीच्या माझ्या भाचीने दंडासाठी तोच निवडला आहे: पसरलेले पंख, वर चंद्रकोर आणि खाली तुटलेला धागा. या धाग्याला आधार आहे. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये युरोपातल्या जातीला आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवतेचे, अ‍ॅट्रोपॉसचे, नाव दिले. आपल्याकडे आढळणाऱ्या दोन जातींपैकी एकीच्या वाट्याला धागा मोजणारी लॅकेसिस आली, तर दुसरीच्या वाट्याला पाताळातली स्टिक्स नदी.

इतकी भयंकर नावे मिरवणारा हा प्राणी प्रत्यक्षात मधचोर आहे. त्याची अळी धोतऱ्यावर किंवा तिळावर पोसते. पंख फुटल्यावर तो रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो, आखूड, मजबूत सोंडेने मध ओढतो आणि कोणी धरलेच, तर त्याच सोंडेतून हवा सोडून चक्क चीं-चीं करतो. शिवाय तो मुळीच काळा-करडा नाही. पुढचे पंख झाडाच्या सालीत लपून जावेत असे तपकिरी असले, तरी मागचे पंख काळ्या पट्ट्यांचे आणि हळदीसारखे पिवळे असतात. टॅटूत ही हळद पुसली जाते आणि कवटी तेवढी उरते. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतून पुढे आलेली ही काळी-करडी शैली मूळची तुरुंगातली. तिथे रंग कुठले मिळणार, म्हणून एकच सुई आणि पाणी घालून पातळ केलेली काळी शाई यांवर सगळ्या छटा साधायच्या आणि उजेड हवा तिथे कातडी कोरी सोडायची. म्हणजे मरणाची कळा पतंगाच्या अंगी नसून त्या पातळ शाईत आहे, असे माझे मत.

मरणाशी सलगी आपल्या गोंदणालाही नवी नाही. मेल्यावर सोबत येणारा दागिना तेवढाच, असे जुन्या बायका सांगत, आणि त्यांच्या हातांवर तुळशीबरोबर विंचूही असे. पण खरा गॉथिक कीटक हवा असेल, तर तो कोकणातल्या कुठल्याही घराच्या चौकटीवर सापडेल. कुंभारीण माशी ओल्या मातीची इवलीशी कुपी घडवते, आत अंडे घालते, नांगीने लुळ्या केलेल्या जिवंत अळ्या कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या ताज्या शिदोरीवर वाढून भिंत फोडून बाहेर पडते. हे पाहून जुन्या जाणत्यांनी भ्रमरकीटन्याय रचला: अळीने भीतीपोटी माशीचे इतके ध्यान केले की ती स्वतःच माशी झाली. आत चाललेल्या जेवणावळीवर याहून सुंदर पांघरूण कोणी घातले नसेल.

भाचीला मी कुंभारीण सुचवून पाहिली. “मामा, लोक गांधीलमाशी समजतील,” ती म्हणाली. कंबर तारेसारखी बारीक काढली आणि शेजारी मातीची कुपी दाखवली, तर नाही समजणार.