फायबर लेझर सोर्स घेतला एकदाचा: वॅटचा घोळ, नवतपा अन् आईचा डबा

मंडळी, मागच्या वेळी डायोड लेझरनं स्टीलवर धड काही उमटत नाही म्हणून रडलो होतो, त्यानंतर चारपाच महिने गायब होतो कारण भांड्यांवर नाव टाकायला फायबर लेझरचा सोर्स, म्हणजे किरण तयार करणारा मशीनचा मुख्य भाग, कोणता घ्यायचा हेच ठरत नव्हतं. आता घेतलाय, चालूही आहे, मधे दोनदा जीव वर-खाली झाला, तर ते सगळं एकदा लिहून टाकतो म्हणजे तुमचे तरी पैसे अन् झोप वाचेल.

पहिली चूक म्हणजे मी फक्त वॅट बघून राहिलो होतो. २० घेऊ का ३०, का ओढूनताणून ५० घ्यायचा अन् त्याच्यावरच पातळ पत्राही कापायचा, असा डोक्यात हिशोब. इथे नागपूरला हिंगणा एमआयडीसीत माझा शाळेतला मित्र लेझरनं शीट कटिंग करतो, त्याला म्हटलं की तुझ्या मशीनसारखंच पण लहान असं काही होईल का, तर तो म्हणे, "काहून बे, करवत पाहून छिन्नी घेतं का कोणी?" अन् मग शॉपवर बोलावून दीड किलोवॅटचा सोर्स दाखवला. तो सीडब्ल्यू, म्हणजे सतत चालणारा, दीड किलोवॅट म्हणजे पूर्ण वेळ दीडच, त्याच्यावर कधीच जात नाही, पण थांबतही नाही. बीम धातू वितळवतो अन् नोझलमधून येणारा गॅस तो वितळलेला माल खालून उडवतो. एमएसला, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याला, ऑक्सिजन, तिथे लोखंड स्वतःच जळतं अन् त्याची उष्णता कापायला कामी येते, म्हणून कमी वॅटमधेही जाड पत्रा निघतो. स्टेनलेसला नायट्रोजन, भरपूर प्रेशरनं, म्हणजे कड काळी पडत नाही, पण सिलेंडर भसाभस संपतात. त्याच्याकडे चिलरला, म्हणजे पाणी थंड करून फिरवणाऱ्या मशीनला, दोन सर्किट आहेत, सोर्सला थंड पाणी अन् कटिंग हेडला थोडं कोमट. हे सगळं माझ्या गॅरेजमधे? दीड किलोवॅट गेलं, आधी त्या चिलरलाच जागा नाही.

मार्किंगचा, म्हणजे धातूवर अक्षरं उमटवायचा, सोर्स वेगळाच प्राणी आहे. तो पल्समधे मारतो, म्हणजे सलग नाही, तुटक तुटक झटक्यांनी. हिशोब सोपा आहे, वॅट म्हणजे एका पल्सची एनर्जी गुणिले सेकंदाला किती पल्स. ३० वॅट अन् ३० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० हजार पल्स, असेल तर एका पल्समधे १ मिलीज्यूल येते, अन् ती १०० नॅनोसेकंदात ओतली तर त्या क्षणापुरती पॉवर १० किलोवॅट होते! म्हणजे माझा पंख्यावर थंड होणारा डबडा सोर्स क्षणभर मित्राच्या मशीनच्या सहापट वर जातो, म्हणूनच धातूचा वरचा थर उडतो अन् खालचा तुकडा हाताला जेमतेम कोमट लागतो. पण सरासरी ३० च वॅट, म्हणून ३ एमएमचा पत्रा कापायचं स्वप्न सोडून द्या. पितळेचा पातळ शिम (कागदासारखी पट्टी) वगैरे खूप पास मारून, म्हणजे त्याच रेषेवर परत परत फिरवून, निघतो, ती हौस म्हणून ठीक आहे.

मधेच एक आठवलं. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूचा, लेझर १९६४ मधे बेल लॅब्समधे ज्यांनी बनवला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. पण सीओटूची वेव्हलेंग्थ १०.६ मायक्रॉन, चकचकीत धातू ती बरीचशी परत फेकतो, अन् फायबरची साधारण १.०६, ती धातूत जास्त मुरते. लाकूड-ॲक्रिलिकवाल्यांनी सीओटूच घ्यावा, धातूवाल्यांनी इकडे यावं.

आता खरा प्रश्न, क्यू-स्विच का मोपा. पल्सवाल्या सोर्सचे हे दोन प्रकार. क्यू-स्विचमधे पल्सची रुंदी ठरलेली असते, साधारण १०० नॅनोसेकंद, अन् फ्रिक्वेन्सीही २० ते ६० किलोहर्ट्झच्या आसपासच फिरते. मोपामधे पल्स तुम्ही ठरवता, जेपीटी कंपनीच्या एका प्रसिद्ध सिरीजमधे २ पासून पार ३५० नॅनोसेकंदापर्यंत, अन् फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमधे जाते. रेकस, मॅक्स, आयपीजी सगळ्या कंपन्यांचे ब्रोशर वाचून झाले होते, पण मोपा बराच महाग, अन् एका डीलरनं सरळ सांगितलं की भाऊ घरगुती कामाला सगळं सारखंच. मी जवळपास क्यू-स्विचचा ॲडव्हान्स देऊन टाकला होता.

वाचवलं आईनं. इतवारीच्या बाजारात भांडं घेतलं की दुकानदार मशीननं घर्रर्र करत नाव टाकून देतो ना, तसं काळ्या अक्षरात सुंदर नाव टाकून द्यायचं हे माझं पहिलं प्रोजेक्ट. मित्राकडून २० वॅटचा क्यू-स्विच आठ दिवस उसना आणला अन् आईच्या डब्याच्या एका झाकणावर नाव टाकलं. काळं झालं मस्त. त्याच सेटमधलं दुसरं झाकण दुसऱ्या एका दुकानात मोपाच्या डेमोला नेलं अन् तेच नाव तिथे टाकून आणलं. घरी आल्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर फरक सांगता येईना. आई म्हणे, "दिसायला दोन्ही चांगलेच, पण भांडं घासावं लागते बाप्पा." मग दोन्ही मिठाच्या पाण्यात टाकले अन् रोज एकदा तारेच्या घासणीनं घासले. चौथ्या दिवशी क्यू-स्विचवाल्या अक्षरांच्या कडा तांबूस, सहाव्या दिवशी सरळ गंज. मोपावालं पंधरा दिवसांनीही काळंच.

कारण असं आहे की स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे, पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साईडचा पातळ थर असतो. लांब पल्सनं खूप उष्णता दिली की तिथलं क्रोमियम कमी पडतं अन् उघडं लोखंड हवेला लागतं. मोपात छोटी पल्स, जास्त फ्रिक्वेन्सी, थोडी थोडी ऊब देऊन थर वाढवता येतो. क्यू-स्विचनंही जपून केलं तर बरं जमतं म्हणतात, पण माझ्या हातून जमलं नाही. अन् हो, असं करून पाहायचं तर झाकणं एकाच सेटची घ्या, नाहीतर फरक लेझरचा का स्टीलचा ते कळणार नाही, कारण बाजारात २०२ अन् ३०४ दोन्ही प्रकारचं स्टील फिरतं अन् चुंबकानं ओळखू येत नाही, दोन्ही चिकटत नाहीत.

तर एप्रिलच्या शेवटी ३० वॅटचा मोपा घेतला. पहिल्याच दिवशी फजिती. उत्साहात पल्स ६ नॅनोसेकंद केली, फ्रिक्वेन्सी मात्र सवयीनं ३० किलोहर्ट्झ ठेवली, अन् पॉवर १०० टक्के. स्टीलवर काही नाही! नुसता फिकट ओरखडा. फोकस दहादा बघितला, लेन्स पुसली, डीलरला फोन करून भांडलो की सोर्स मेलेला पाठवला. बिचारा शांतपणे म्हणाला फ्रिक्वेन्सी वाढवून बघा. वाढवली अन् धूर निघाला. पल्स छोटी केली की एका पल्समधे मावणारी एनर्जीही कमी होते, म्हणून पूर्ण वॅट पाहिजे तर पल्सची संख्या वाढवावी लागते. प्रत्येक रुंदीला एक किमान फ्रिक्वेन्सी असते, त्याचा तक्ता मॅन्युअलमधे असतो, तो प्रिंट काढून भिंतीला चिकटवा. ईझीकॅडमधे, म्हणजे मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमधे, पल्स-विड्थचा (रुंदीचा) टिक चालू आहे का तेही बघा, नाहीतर आकडा बदलत राहाल अन् सोर्स आपला जुन्याच रुंदीवर.

मग आला नवतपा, मेअखेरचे ते नऊ रणरणत्या उन्हाचे दिवस. सोर्सच्या कागदावर लिहिलंय चालायचं तापमान ४० पर्यंत. आपलं नागपूर २३ मे २०१३ ला ४७.९ ला गेलं होतं, अन् माझ्या गॅरेजला वर टीन. दुपारी तीनला अलार्म, सोर्स बंद. मला वाटलं सेन्सर गंडला असेल, २०२४ मधे नाही का नागपुरात ५६ डिग्री दाखवलं होतं अन् मग निघालं की सेन्सरच चुकीचा. पण थर्मामीटर लावून बघितलं तर सोर्सच्या पंख्याजवळ खरंच ४६. सोर्स मी भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याची गरम हवा त्यालाच परत मिळून राहिली होती. मग कूलर लावला. थंड झालं, पण वाळ्याच्या ताट्यातून येणारी ओली हवा अन् बारीक थेंब सोर्सचा पंखा आत ओढणार, हे लक्षात आल्यावर दोन दिवसांतच बंद केला. आता उन्हाळ्यात फक्त सकाळी सहा ते दहा अन् रात्री, सोर्सच्या मागे वीतभर जागा सोडून, अन् छोटा जुना एसी बसवलाय.

एसीनं वेगळंच प्रकरण केलं. जुलैत रात्री काम संपवलं, एसी बंद, शटर उघडलं, बाहेर पाऊस, अन् थोड्या वेळानं नंबर पाडायचा राहिलेला एक तुकडा आठवला म्हणून परत चालू केलं तर अक्षरं फुसकट. बीम तुकड्यावर फोकस करणाऱ्या एफ-थीटा लेन्सवर चक्क दव! ३० डिग्री अन् ८० टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, अन् माझी लेन्स एसीमुळे २४ ला होती. नशीब की लेन्स तडकली नाही. मित्राच्या चिलरलाही हाच नियम आहे, पावसाळ्यात तो पाण्याचं तापमान मुद्दाम वर ठेवतो. आता एसी बंद केल्यावर अर्धा तास शटर बंदच ठेवतो अन् लेन्सला टोपी घालतो.

लेन्सचं थोडक्यात: माझी ११० बाय ११० एमएम जागेत मार्किंग करणारी आहे, डब्याला पुरते. मोठी घेतली की ठिपकाही मोठा होतो अन् तेवढ्याच वॅटमधे जोर कमी पडतो.

चष्म्यात मात्र कंजूषी करू नका. ही किरणं दिसत नाहीत अन् डोळा त्यांना थेट पडद्यावर फोकस करतो, म्हणून १०६४ नॅनोमीटर अन् ओडी ६ (ओडी म्हणजे काच किरण किती अडवते त्याचं माप) लिहिलेलाच घ्या. सीओटूवाल्यांचं पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण इथे काही कामाचं नाही, १०६४ त्यातून आरपार जाते. माझ्या पुतण्याला मी गॅरेजमधे येऊच देत नाही, रडला तरी.

सध्या भंडाऱ्याहून आणलेल्या पितळी तांब्यांवर प्रयोग चालू आहेत. चकचकीत सपाट पितळ असेल तर तुकडा बरोबर लेन्सच्या खाली मधोमध ठेवत नाही, जरा बाजूला किंवा किंचित तिरपा, नाहीतर बीम उलटा सोर्सकडे जाऊ शकतो, आत उलटा बीम अडवणारा आयसोलेटर असला तरी कशाला परीक्षा घ्यायची. खोल खोदायला २०० नॅनोसेकंद, मग वरून छोट्या पल्सचा एक हलका पास म्हणजे तळ उजळ होतो. स्पीड अजून जुळला नाही, कोणाकडे पितळेचे चांगले सेटिंग असतील तर टाका ना जी.

अन् आईचं तिसरं झाकण, ते माझ्या स्वतःच्या मशीनवर केलेलं, ओट्यावर मिठाच्या पाण्यात पडलंय. आज अकरावा दिवस, अजून काळंच आहे, पण आई विचारून राहिली की डबा बिनझाकणाचा किती दिवस ठेवायचा.