आबांची फाइल उघडली!

आज आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कवितांची फाइल उघडली. 2003 साली टाइप करून घेतलेली, छपाईची पानं मांडायच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमधली. ते सॉफ्टवेअर कंपनीने कधीच बंद केलंय. दोन दुकानदारांनी तर हात वर केले होते.

सहज लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितली, तर पानं दिसायला लागली! अक्षरं मात्र सगळी इंग्रजी गिचमिड, कारण फॉन्ट जुन्या पद्धतीचा, युनिकोडमधला (म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक पद्धतीतला) नव्हे. मग कन्व्हर्टरमधून एकेक कविता काढली. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत होती, रफार गायब होत होता. ते हाताने नीट केलं. संध्याकाळी आईला पहिली कविता वाचून दाखवली. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

लिब्रेऑफिस 2010 मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं. 2014 पासून त्यातली मंडळी डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टही चालवतात. अशा जुन्या फाइली उघडता याव्यात, हाच त्याचा उद्देश. खासगी मालकीच्या फॉरमॅटची रचना कंपन्या सांगत नाहीत, म्हणून फाइलमधले बाइट तपासून ती शोधून काढायची. केवढं चिकाटीचं काम! माझ्या वडिलांचे शब्द कुणाच्या लायसन्सपायी का अडकून पडावेत?

सगळं आता ओडीएफ या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवतेय. अकरा कविता झाल्या, बऱ्याच बाकी आहेत.