कॅटची तयारी कुठून सुरू करू?

कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, हिच्याबद्दल दर जून-जुलैत हा प्रश्न येतोच. कधी नात्यातली एखादी मुलगी विचारते, कधी ऑफिसात नवीन लागलेला कुणी इंजिनिअर. "ताई, कॅट द्यायचीय, सुरुवात कुठून करू?" आणि पाठोपाठ, "क्लास कुठला लावू?"

क्लासचं नंतर बघू. येत्या रविवारी सकाळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गेल्या वर्षीचा पेपर घड्याळ लावून सोडवा. काहीही अभ्यास झालेला नसताना. दोन तास, तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं: आधी इंग्रजी, मग डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि तर्काची कोडी, शेवटी गणित. एका विभागात उरलेली मिनिटं दुसऱ्याला देता येत नाहीत. मार्कांचं सोडा, कुठल्या प्रश्नाला किती मिनिटं गेली, ते समासात लिहा.

मी हे फार उशिरा केलं. गणित आवडायचं म्हणून चार महिने गणितच करत बसले आणि पहिला पूर्ण पेपर सोडवला ऑक्टोबरात. डीआयएलआरच्या पहिल्याच संचाला, म्हणजे एकाच माहितीवरच्या चार-पाच प्रश्नांना, 22 मिनिटं गेली. एवढा वेळ घातलाय, आता सोडायचा कसा, असं वाटत राहिलं. तो सुटला नाहीच, आणि शेवटचे दोन संच वाचायचेही राहिले. संध्याकाळी त्यातला एक घेऊन बसले, तर नऊ मिनिटांत झाला. फार वाईट वाटलं.

"एकही प्रश्न सोडू नकोस," असं आई परीक्षेला निघताना सांगायची. शाळेत ते बरोबरच होतं. कॅटमध्ये सोडायला शिकावं लागतं. 2024च्या पेपरात डीआयएलआरचे 22 प्रश्न पाच संचांत होते. पहिली चार-पाच मिनिटं नुसतं वाचा आणि कुठले दोन-तीन घ्यायचे ते ठरवा. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकलं तर एक वजा. उत्तर टाइप करायचं असेल तिथे मात्र चुकलं तरी गुण कापत नाहीत.

मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी राज्याची एमबीए सीईटीही देणार असाल, तर तिथला हिशेब उलटा. 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकल्याला दंड नाही. तिथे आईचंच ऐका.

मराठी माध्यमातल्यांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. मी रोज एक इंग्रजी लेख वाचून वहीत दोन ओळी मराठीत लिहायचे. पहिल्या दिवशीची ओळ होती, "हा लेख मधमाश्यांबद्दल आहे." ते तर शीर्षकातच होतं. लेखकाचं म्हणणं काय, हे लिहिता यायला तीन आठवडे गेले. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मला ही वहीच कामाला आली.

नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. गेल्या वर्षीचा तो पेपर सोडवून झाला की समासातल्या मिनिटांचा फोटो मला पाठवा. क्लास लागेल की नाही, ते मग बोलू.