निळा पट्टा नको

मी फिजिओथेरपिस्ट. मूळ कोल्हापूरची. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. बहुतेक म्हातारी माणसं, पडून खुबा मोडलेली.

क्रूक गावातले हे आजोबा ऐंशीचे. ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणलेला, आणि माणूस वॉकर धरून संडासापर्यंत जायचा नि परत यायचा, बास. जिन्याचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघत बसायचे.

फुटबॉलचं वेड आहे, असं त्यांची लेक म्हणाली होती. पेशंट बोलता व्हावा म्हणून आदल्या रात्री मी शेजारच्या बिशप ऑकलंड गावच्या क्लबबद्दल वाचून काढलं. थक्कच झाले. हौशी संघांसाठी असलेला एफए ॲमॅच्युअर कप त्यांनी १० वेळा जिंकलेला, त्यात १९५५ ते ५७ ओळीने तीनदा. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ उद्ध्वस्त झाला, तेव्हा ह्या छोट्या गावच्या क्लबातले तिघे त्यांच्या मदतीला गेले. त्यातला वॉरन ब्रॅडली शाळामास्तर होता. पुढच्या वर्षी तो चक्क इंग्लंडकडून खेळला.

हे सगळं मी आजोबांना गुडघा वाकवून घेता घेता रंगवून सांगितलं. त्यांनी पाय ओढून घेतला. मला वाटलं, दुखलं. मग मी पिशवीतून रबरी पट्टा काढला. ह्या पट्ट्यांचे रंग ताणाप्रमाणे असतात: पिवळा सैल, मग लाल, हिरवा, निळा, काळा. हिरवा त्यांना सोपा झाला होता, म्हणून निळा.

"हा रंग माझ्या पायाला लावायचा नाही."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बिशपवाल्यांचा शर्ट दोन निळ्यांचा. आजोबांच्या गावच्या क्रूक टाउन क्लबचा पिवळा-काळा. दोन गावांत अंतर आठ-दहा किलोमीटर. म्हणजे मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत जाऊन प्रतिस्पर्धी पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचं गुणगान केलं होतं! तिथल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या बाईला एवढं कळू नये? आजोबा मला तिकडच्या रीतीने 'पेट' म्हणत, म्हणजे बाळ. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत.

माफी मागितली. आमच्या पेठा, तालमी, मॅच हरल्यावर गल्लीत पसरणारा सुतकी सन्नाटा, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "५४ साली काय झालं, ते वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. पुढची वीस मिनिटं व्यायाम राहिला बाजूला.

१९५४ च्या ॲमॅच्युअर कपची फायनल ह्या दोन खाणगावांत झाली. वेम्बलीवर, एक लाख प्रेक्षकांसमोर. एक लाख! बिशपच्या एका खेळाडूचा पाय मोडला. तेव्हा बदली खेळाडू नसत, ते दहाजणच खेळले, तरी २-२. ईस्टरच्या सोमवारी न्यूकॅसलला पुन्हा मॅच, पुन्हा २-२. तिथे ५६ हजार माणसं. तिसरी त्याच गुरुवारी मिडल्सबरोला. क्रूक १-०. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. वेम्बलीला जायला पैसे नव्हते, पण तिसऱ्या मॅचला खाणीत काम करणाऱ्या वडिलांनी नेलं.

"पाय मोडला म्हणून आम्ही जिंकलो, असं बिशपवाले अजून म्हणतात," ते म्हणाले. "तिसऱ्या मॅचला तर त्यांचे अकराच्या अकरा होते ना?"

मग जॅक ग्रीनवेल निघाला. क्रूकचाच पोरगा, बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला आणि १९३९ मध्ये पेरूला दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवून दिलं. माझा विश्वास बसेना, हे त्यांना दिसलं असावं.

"वर डबा आहे. त्यात मॅचचं पुस्तक आहे, बघ."

"आणते मी," म्हणत मी उठले आणि मधेच बसले. कामात कधी कधी न उठणं हेच काम असतं. "कुठे ठेवलाय तो तुम्हालाच माहीत," म्हटलं.

बराच वेळ गेला. मग त्यांनी काठी मागितली.

तेरा पायऱ्या. एक हात कठड्याला, दुसऱ्यात काठी. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा, मग काठी. मी एक पायरी खाली, हात त्यांच्या कमरेपाशी, न टेकवता. सातव्या पायरीवर थांबले, धापले, पुटपुटले. मला वाटलं मला काही सांगताहेत. ते खेळाडूंची नावं म्हणत होते, गोलकीपरपासून.

डबा पलंगाखाली होता. वाकायचं नाही असं बजावून तो मात्र मीच ओढला. पुस्तिकेवर वडिलांच्या हातचा पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता: १-०. बाकी काही नाही. त्या खोलीत ते सहा आठवड्यांनी आले होते. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी आधी पडदा सरकवला.

उतरताना दुखरा पाय आधी. डबा माझ्या पिशवीत.

खाली आल्यावर हिरवा पट्टा दुहेरी करून पुढचे दहा उचल त्यांनी मुकाट केले. दोन आठवड्यांनी काळ्यावर आले. रेकॉर्डमध्ये 'हिरव्यानंतर थेट काळा' असं लिहून कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: पेशंटची पसंती.