ज्याच्या गोळीने कुणीच मरत नाही

सूड उगवायला निघालेल्या एकट्या बंदूकधाऱ्याची गोष्ट, अलका टॉकीजच्या चौकात ज्यांचे तारुण्य गेले त्या पुणेकरांना तरी, तोंडपाठ असते: आधी विश्वासघात, मध्ये काही वर्षे, आणि शेवटी खलनायकाची कॉलर नायकाच्या मुठीत. जॉन बूरमन या दिग्दर्शकाचा १९६७ सालचा ‘पॉइंट ब्लँक’ मी नुकताच कोथरूडच्या घरी हेडफोन लावून पाहिला, तेव्हा या गोष्टीतली नेमकी ती कॉलरच त्याने गायब केली आहे, हे ध्यानात आले.

ली मार्विनने साकारलेल्या वॉकरला त्याचा मित्र सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावरील बंद पडलेल्या तुरुंगात गोळ्या घालतो आणि त्याच्या वाट्याचे ९३ हजार डॉलर व बायको दोन्ही घेऊन पसार होतो. वॉकर परततो. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरील एका लांबलचक बोळातून तो ताडताड चालत येतो, आणि पडद्यावर त्याची बायको आरशासमोर बसलेली दिसू लागली तरी बुटांच्या टाचांचा तो आवाज थांबत नाही. आता तो नुसता चालणाऱ्याचा आवाज उरत नाही, तिच्या दिशेने येणारे संकट होतो. मग दार फोडून तो आत शिरतो आणि सगळ्या गोळ्या झाडतो त्या रिकाम्या बिछान्यावर! आजच्या मारधाडपटांत मिनिटाला दहा माणसे पडतात, पण या एका बिछान्याइतका धसका त्यातले काहीच देत नाही.

पुढे लक्ष ठेवून पाहिले तर वॉकर संपूर्ण चित्रपटात स्वतःच्या गोळीने एकालाही मारत नाही. बायको झोपेच्या गोळ्या घेते, दगाबाज मित्र गच्चीवरून खाली कोसळतो, बाकीच्यांचा काटा दुसराच कुणीतरी दुरून नेम धरून काढतो. मित्राने ते पैसे ज्या गुन्हेगारी संघटनेचे देणे फेडायला वापरले आणि जिच्याकडे वॉकर आता ते मागत फिरतो, तिचे वरिष्ठ सुटाबुटातले आणि काचेच्या कार्यालयांतले आहेत. त्यातला प्रत्येक जण त्याला वरच्याकडे बोट दाखवतो आणि रोख रक्कम कुणाकडेच नसते. भाड्याच्या घराची अनामत परत मागायला ज्याने खेटे घातले आहेत, त्याला वॉकरचा चेहरा इतका निर्विकार का, हे निराळे सांगावे लागणार नाही.

मार्विन स्वतः दुसऱ्या महायुद्धात सायपानच्या लढाईत जखमी झालेला सैनिक होता, आणि अंगाचा एकही स्नायू वाया न घालवण्याची त्याची रीत निव्वळ अभिनयाच्या शिकवणीतून आलेली नसावी. वॉकरच्या मेहुणीच्या भूमिकेतली अँजी डिकिन्सन त्याला थकून खाली पडेपर्यंत बडवते आणि तो जागचा हलतही नाही, तो प्रसंग तर खास त्याचाच. वॉकर तुरुंगातच मेला होता आणि पुढचे सारे त्याचे स्वप्न आहे, अशीही एक उपपत्ती मांडली जाते. मला तिच्यात रस नाही, कारण स्वप्न म्हटले की पैशांच्या त्या फरफटीतली सगळी धार जाते.

खटकले ते एवढेच की, सुरुवातीला जुन्या आठवणींचे तुकडे इतके दाटीवाटीने येतात की पहिली दहा मिनिटे कोण कुणाचा हेच उमगत नाही. तेवढा धीर धरावा, आणि शक्यतो आवाज बारीक करून पाहू नये. शेजारी तक्रार करतील अशी भीती असेल तर हेडफोन आहेतच.